घर भाड्याने देताय? मग होमओनर्स पॉलिसीच्या भरवशावर राहू नका

मे-जून आला की आमच्या एडिसन, प्लेन्सबरो, नॉर्थ ब्रन्सविककडच्या मराठी ग्रुप्सवर तेच मेसेज सुरू होतात. कोणाला शार्लटला नवीन जॉब लागलाय, कोणाला कंपनीने डॅलसच्या ऑफिसला बोलावलंय, कोणी आई-बाबांसाठी कायमचं पुण्याला परत चाललंय, पण न्यू जर्सीतलं घर विकायचं मन होत नाही, कारण 2020-21 मध्ये तीन टक्क्यांच्या आसपास लॉक केलेलं मॉर्गेज आता परत कुठे मिळणार, मग ठरतं की घर भाड्याने देऊ. त्यानंतर सगळे प्रश्न एकदम हुशारीचे असतात, भाडं किती येईल, रिअल्टरला एक महिन्याचं भाडं द्यायचं की स्वतःच झिलो या घरांच्या वेबसाइटवर टाकायचं, क्रेडिट स्कोअर किती असलेला भाडेकरू घ्यावा, डिपॉझिट किती घेता येतं (न्यू जर्सीत जास्तीत जास्त दीड महिन्याचं). इन्शुरन्सचं विचारलं तर उत्तर एकच, "ते आहे की, चालूच आहे."

हे "चालूच आहे" ऐकलं की मला खरंच काळजी वाटते, आणि दर वेळी तेच ते टाइप करण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून आज बसले. आम्ही स्वतः जर्सीतलं घर भाड्याने देऊन नॉर्थ कॅरोलायनाला आलो आणि निघायच्या आधी मी पॉलिसीची सगळी पानं पेन घेऊन वाचली, त्यामुळे पुढचं बरंचसं त्यातून आलेलं आहे.

मुद्दा हा आहे की होमओनर्स पॉलिसी म्हणजे त्या इमारतीचा विमा असं आपण धरून चालतो, घर माझं, डीड माझ्या नावावर, प्रीमियम मी भरतेय, मग आत कोण राहतंय याच्याशी कंपनीला काय करायचंय. पण कंपनीने विमा दिलेला असतो तो "मालक स्वतः राहत असलेल्या घराला". अमेरिकेत स्वतंत्र घराला बहुतेक वेळा एचओ-3 नावाचा फॉर्म असतो. त्याच्या सुरुवातीच्या व्याख्यांच्या पानावर लिहिलेलं असतं की कव्हर केलेलं घर म्हणजे जिथे तुम्ही राहता आणि जे डिक्लरेशन पेजवर (पॉलिसीतलं नाव-पत्ता आणि कव्हरच्या रकमांचं पान) दाखवलंय ते घर. दोन्ही गोष्टी लागतात, नुसता पत्ता जुळून भागत नाही. तुम्ही सामान उचलून शार्लटला गेलात, लायसन्स बदललं, मुलांची शाळा बदलली, की त्यातली पहिली गोष्ट उरत नाही, आणि मग घराच्या कव्हरेजचा सगळा डोलारा ज्या वाक्यावर उभा आहे तेच वाक्य खालून निघून जातं. प्रीमियम मात्र जात राहतो.

आणि जात राहतो म्हणूनच कोणाच्या लक्षात येत नाही. मॉर्गेजबरोबर एस्क्रो अकाउंट असतो, त्यातून मॉर्गेज कंपनीच परस्पर इन्शुरन्सचे पैसे भरते, रिन्यूअल आपोआप होतं, वर्षातून एकदा एक जाड पाकीट येतं ते आपण न फोडता ड्रॉवरमध्ये टाकतो. कोणी फोन करून विचारत नाही की बाई तुम्ही अजून तिथेच राहता का. विचारतात ते क्लेम केल्यावर.

आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाच्या बाबतीत अगदी हेच झालं. मिडलसेक्स काउंटीतलं त्यांचं टाउनहाऊस, ते स्वतः दुसऱ्या राज्यात गेलेले, घरात चांगले सज्जन भाडेकरू, भाडं पहिल्या तारखेला जमा. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीन होतं, त्याच्या मागचा रबरी पाइप भाडेकरू लाँग वीकेंडला बाहेर गेलेले असताना फुटला आणि ते परत येईपर्यंत पाणी वाहतच राहिलं. खालच्या लिव्हिंग रूमचं सीलिंग फुगून खाली आलं, हार्डवुडच्या पट्ट्या कडेने वर उचलल्या गेल्या, किचन कॅबिनेटच्या तळाचा भुगा झाला. आता असं अचानक पाणी सुटणं ही इन्शुरन्सवाल्यांसाठी रोजची गोष्ट आहे, असे क्लेम देतातच. क्लेम तपासणाऱ्या कंपनीच्या अ‍ॅडजस्टरचा फोन आला, संभाषण रेकॉर्ड करतोय असं त्याने सांगितलं आणि पाइपबद्दल काहीही विचारायच्या आधी त्याचा प्रश्न होता, या घरात तुम्ही शेवटचं कधी राहिलात? मग दुसरा, सध्या तिथे कोण राहतं? मग तिसरा, लीजची कॉपी पाठवता का? त्यांनी खरं ते सांगितलं, लीज पाठवली, आणि काही आठवड्यांनी क्लेम नाकारल्याचं पत्र आलं. ड्रायवॉल, फ्लोअरिंग, मोल्डचं, म्हणजे बुरशी काढायचं काम, सगळं खिशातून. भाडेकरू हॉटेलात गेले आणि मग लीज मोडून दुसरीकडे, त्यामुळे तेवढे महिने भाडंही बंद, मॉर्गेज मात्र चालू. त्या बाई मला म्हणाल्या, आम्ही एक हप्ता चुकवला नाही गं कधी. त्यांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

कंपनीला शिव्या घालणं सोपं आहे, पण थोडं त्यांच्या बाजूनेही बघायला हवं. भारतात पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी कोणी टॅक्सी म्हणून चालवली आणि ठोकली तर विमा कंपनी हात वर करते, आणि त्यात आपल्याला कोणालाच नवल वाटत नाही, कारण गाडी तीच असली तरी वापर बदलला की धोका बदलतो हे आपल्याला कळतं. घराचंही तेच. स्वतःचं घर असलं की बाथरूमच्या सिंकखाली ओल दिसली की आपण त्याच दिवशी बघतो, हिवाळ्यात बाहेरच्या नळाचं पाणी बंद करतो, डेकची फळी सैल झाली की स्क्रू मारतो. भाडेकरू कितीही चांगला असला तरी त्याला ते घर तितकं माहीत नसतं, छोटी गळती तो महिनाभर सांगत नाही, काही वेळा त्याला कळतच नाही. शिवाय दोन भाडेकरूंच्या मधे घर रिकामं राहतं. कंपनीने प्रीमियम काढताना हे सगळं धरलेलं असतं, होमओनर्सचा वेगळा आणि भाड्याच्या घराचा वेगळा.

काही जण म्हणतात की हा नुसता शब्दांचा खेळ आहे, कोर्टात टिकणार नाही. न्यूयॉर्क राज्यातली एक केस सांगते. एका कुटुंबाने 2005 मध्ये घर घेतलं, होमओनर्स पॉलिसी घेतली, पण घराला वाळवी लागल्याचं निघालं म्हणून राहायला जायच्या आधी दुरुस्ती काढली, आणि ती चालू असतानाच 2006 मध्ये आग लागून घर गेलं. कंपनी म्हणाली, तुम्ही तिथे राहतच नव्हता, त्यामुळे हे घर पॉलिसीच्या व्याख्येत बसत नाही. प्रकरण राज्याच्या सगळ्यात वरच्या कोर्टात, कोर्ट ऑफ अपील्समध्ये गेलं आणि 2012 साली कोर्टाने म्हटलं की या परिस्थितीत, म्हणजे राहायला जायचा इरादा होता आणि दुरुस्ती चालू होती अशा वेळी, "राहणे" याचा अर्थ पॉलिसीत पुरेसा स्पष्ट नाही, त्यामुळे कंपनीला सरळसरळ हात झटकता येणार नाहीत. वाचायला बरं वाटतं, पण बघा ना, आग 2006 ची आणि हा निकाल 2012 चा. ज्यांना तिथे राहायला जायचंच होतं त्यांना एवढं झगडावं लागलं, आणि आपण तर स्वतः सही करून दुसऱ्या कुटुंबाला वर्षाची लीज दिलेली असते, आपण तिथे राहत नाही याचा पुरावा आपणच फाइलला लावून ठेवलेला असतो.

एक शंका बरेच जण विचारतात, आम्ही घरातच राहतो पण एक खोली भाड्याने दिली तर? तर तिथे होमओनर्स पॉलिसी अगदीच आडमुठी नाही. तुम्ही स्वतः तिथे राहत असाल आणि एखाद-दुसरा रूमर, म्हणजे खोलीपुरता भाडेकरू ठेवलात, तर स्टँडर्ड फॉर्ममध्ये लायबिलिटी (दुसऱ्याला इजा किंवा नुकसान होऊन जबाबदारी आपल्यावर आली तर त्याचं कव्हर) तेवढ्यावरून जात नाही, दोनापेक्षा जास्त रूमर झाले की गोष्ट बदलते. पण भाड्याने दिलेल्या भागातून काही चोरीला गेलं तर ते मिळत नाही हे लक्षात ठेवा. बेसमेंटला वेगळं दार, वेगळं किचन करून पूर्ण युनिट भाड्याने देत असाल तर तो आणखी वेगळा विषय आहे आणि टाउनशिपची, म्हणजे तिथल्या नगरपालिकेची परवानगी हा त्यातला पहिला प्रश्न. एअरबीएनबीचं पण वेगळं, ते या पोस्टमध्ये घेत नाही.

आता भाड्याने दिलेल्या घरासाठी जी वेगळी पॉलिसी घ्यायची, ती लॅंडलॉर्ड पॉलिसी म्हणजे नक्की काय. इन्शुरन्सच्या भाषेत तिला ड्वेलिंग फायर पॉलिसी म्हणतात, नावात फायर असलं तरी फक्त आगीची नसते. तिचे तीन फॉर्म असतात, डीपी-1, डीपी-2, डीपी-3. आणि इथे मी हात जोडून सांगते की कोट घेताना फक्त शेवटचा आकडा बघू नका, कोणता फॉर्म आहे ते विचारा. डीपी-1 सगळ्यात स्वस्त, त्यात आग, वीज पडणं अशा मोजक्या गोष्टी नावानिशी दिलेल्या असतात आणि वर सांगितला तसा पाइप फुटून झालेला पाण्याचा गोंधळ त्यात येतच नाही. शिवाय भरपाई मिळते ती घसारा वजा करून. म्हणजे समजा 20 वर्षं टिकणारं छप्पर 15 वर्षं जुनं आहे आणि नवीन घालायला 20 हजार डॉलर लागणार आहेत, तर हातात साधारण पाच हजार येतील, त्यातूनही डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममधला तुमचा ठरलेला वाटा जाणार, बाकीचे तुम्ही घाला. डीपी-2 मध्ये यादी मोठी होते. डीपी-3 मध्ये इमारतीच्या बाबतीत उलटं असतं, जे वगळलंय ते सोडून बाकी सगळं कव्हर, आणि घराची भरपाई रिप्लेसमेंट कॉस्टने, म्हणजे आजच्या भावाने पुन्हा बांधायला जे लागेल ते (छपरासाठी मात्र काही कंपन्या वेगळी अट घालतात, ती बघून घ्या). ज्यांचं एकच घर भाड्याने आहे आणि त्यावर मॉर्गेज आहे त्यांनी माझ्या मते डीपी-3 सोडून दुसरं काही बघूच नये, वर्षाला थोडे डॉलर वाचवायला डीपी-1 घेणं म्हणजे पॉलिसी असून नसल्यासारखी.

होमओनर्समध्ये एक सोय असते, घर राहण्यासारखं उरलं नाही तर तुमचा हॉटेलचा खर्च कंपनी देते. भाड्याच्या घरात तुम्ही राहतच नाही, मग तुम्हाला हॉटेलचं काय करायचं, तुमचं नुकसान होतं ते भाड्याचं. म्हणून लॅंडलॉर्ड पॉलिसीत फेअर रेंटल व्हॅल्यू नावाचं कव्हर असतं, आग किंवा पाण्यासारख्या कव्हर असलेल्या कारणाने घर रिकामं करावं लागलं तर दुरुस्ती होईपर्यंतचं भाडं कंपनी देते. स्टँडर्ड फॉर्ममध्ये हे घराच्या मुख्य कव्हरेजच्या 20 टक्क्यांपर्यंत असतं, कंपनीनुसार बदलू शकतं. पण एक नीट समजून घ्या, भाडेकरूने भाडं थकवलं, किंवा त्याला बाहेर काढायला कोर्टात जावं लागलं, तर त्या थकलेल्या भाड्याशी या कव्हरचा संबंध नाही. त्यासाठी रेंट गॅरंटी म्हणून वेगळा प्रकार मिळतो. या दोन गोष्टींची गल्लत मी ग्रुपवर सारखी बघते.

सगळ्यात कमी बोललं जातं ते लायबिलिटीबद्दल, आणि मला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते. सीलिंग पडलं तर नुकसान किती याला काहीतरी मर्यादा असते, पण भाडेकरूकडे बर्थडेला आलेला पाहुणा तुमच्या डेकच्या कुजलेल्या पायरीवरून पडला, मणका दुखावला आणि त्याने केस केली तर तो आकडा कुठे थांबेल सांगता येत नाही, आणि केस भाडेकरूवर एकट्यावर नाही, मालकावर होते. होमओनर्समधली लायबिलिटी पूर्ण घर दुसऱ्याला नेहमीसाठी भाड्याने दिल्यावर कामाला येईल असं धरू नका. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं ते हे, की डीपी फॉर्ममध्ये लायबिलिटी मुळातच नसते, ती वेगळी जोडून घ्यावी लागते. बहुतेक एजंट पॅकेजमध्ये घालूनच देतात पण डिक्लरेशन पेजवर ती ओळ आणि तिच्यासमोरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

न्यू जर्सीत तर आता हा कायदाच आहे. ऑगस्ट 2022 मध्ये तेव्हाचे गव्हर्नर मर्फी यांनी सही केलेल्या कायद्याप्रमाणे भाड्याच्या युनिटच्या मालकाकडे एका घटनेसाठी किमान पाच लाख डॉलरची लायबिलिटी असायला लागते. चार किंवा कमी युनिटचं घर असेल आणि त्यातल्या एका युनिटमध्ये मालक स्वतः राहत असेल तर किमान तीन लाख. आणि नुसती असून चालत नाही, दरवर्षी इन्शुरन्सचं सर्टिफिकेट टाउनशिपकडे रजिस्टर करायचं, नाही केलं तर दंड 500 ते 5000 डॉलर. जुनी होमओनर्स पॉलिसी तशीच ठेवणाऱ्यांनी याचा विचार करा, तुम्ही टाउनशिपला भाड्याचं घर म्हणून कागद देणार आणि इन्शुरन्स कंपनीच्या कागदावर तेच घर तुमचं राहतं घर असणार, हे दोन कागद एकमेकांशेजारी ठेवले तर काय दिसेल?

ज्यांच्याकडे अंब्रेला पॉलिसी (बाकीच्या पॉलिसींच्या वर जास्तीची लायबिलिटी देणारी) आहे त्यांनी तिकडेही हे घर आता भाड्याने आहे असं कळवा. अंब्रेला खालच्या पॉलिसीवर उभी असते, खाली ठरलेली लायबिलिटी नसेल तर मधला खड्डा तुमच्याच खिशातून भरला जातो.

लॅंडलॉर्ड पॉलिसी घेतली म्हणजे सगळं झालं असंही नाही. भाडेकरूचं सामान, त्याचा टीव्ही, कपडे, लॅपटॉप, त्यातलं काहीही तुमच्या पॉलिसीत येत नाही, त्यासाठी त्याने स्वतःची रेंटर्स पॉलिसी घ्यायची असते, ती स्वस्त असते आणि लीजमध्ये अट घालता येते. आम्ही ती अट घातली आणि चावी द्यायच्या आधी कागद मागून घेतला, आमच्या भाडेकरूला त्यात काही वावगं वाटलं नाही. याचा मालकालाही फायदा आहे, कारण भाडेकरूच्या हातून स्टोव्हवर तेल पेटलं तर त्याची स्वतःची लायबिलिटी उभी राहते. तुम्ही घरात ठेवलेली तुमची वस्तू चोरीला गेली तर डीपी-3 मध्ये चोरीचं कव्हर आपसूक नसतं, ते विचारून जोडून घ्यायचं. रोजच्या वापराने कार्पेट झिजलं, भिंतींवर डाग पडले, हे कोणत्याच पॉलिसीत नाही, त्यासाठी डिपॉझिट आहे.

आणि पूर. पुराचं पाणी होमओनर्समध्येही नाही आणि लॅंडलॉर्डमध्येही नाही. 1 सप्टेंबर 2021 च्या रात्री आयडा वादळाचा उरलेला पाऊस सेंट्रल जर्सीत पडला तेव्हा रॅरिटन नदीकाठी मॅनव्हिलसारख्या गावात काय झालं ते तिथल्या लोकांना विचारा, आणि नदीपासून लांबच्याही कितीतरी घरांची बेसमेंट भरली. फेडरल फ्लड इन्शुरन्समध्ये घराच्या इमारतीला जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर मिळतात, नवीन पॉलिसी लागू व्हायला साधारणपणे 30 दिवस थांबावं लागतं, त्यामुळे वादळ टीव्हीवर दिसायला लागल्यावर धावपळ करून उपयोग नाही, आणि बेसमेंटमधल्या फिनिशिंगला त्यात फारसं काही मिळत नाही. बेसमेंटमधलं पाणी बाहेर टाकणारा सम्प पंप बंद पडून पाणी आलं तर त्याचं एन्डोर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडायचं जास्तीचं कव्हर, वेगळं.

दोन भाडेकरूंच्या मधला काळ सांभाळा. घर सलग 60 दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं की तोडफोडीचं कव्हर स्टँडर्ड फॉर्ममध्ये जातं, डीपी-3 मध्येही. आणि जानेवारीत रिकाम्या घरात पाइप गोठून फुटला तर कंपनी विचारणार की हीटिंग चालू होतं का, नसेल तर पाणी बंद करून पाइप रिकामे केले होते का. थर्मोस्टॅटचा फोटो, गॅसचं बिल, असं काहीतरी जवळ असू द्या. लांबून घर सांभाळताना मला याच गोष्टीचं सगळ्यात टेन्शन असतं म्हणून आमच्या जुन्या शेजाऱ्यांकडे एक चावी कायमची ठेवलेली आहे.

टाउनहाऊस किंवा कॉन्डोवाल्यांचं थोडं वेगळं. तिथे असोसिएशनची मास्टर पॉलिसी असते, पण ती भिंतीच्या कुठपर्यंत येते हे प्रत्येक कम्युनिटीच्या बायलॉजवर असतं, काही ठिकाणी कॅबिनेट-फ्लोअरिंग धरून, काही ठिकाणी फक्त उघड्या भिंतींपर्यंत. म्हणजे तुमच्या एचओ-6 चं (कॉन्डोत स्वतः राहणाऱ्या मालकाची पॉलिसी) रूपांतर भाड्याच्या युनिटच्या पॉलिसीत करताना आतल्या बांधकामाला किती कव्हर हवं हे बायलॉज वाचल्याशिवाय ठरवू नका. असोसिएशनने छपराच्या नुकसानीसाठी सगळ्यांना असेसमेंट, म्हणजे खर्चाची वर्गणी लावली तर लॉस असेसमेंट कव्हर कामाला येतं, तेही मागून घ्या.

खर्चाचं म्हणाल तर इन्शुरन्स इन्फर्मेशन इन्स्टिट्यूटच्या म्हणण्याप्रमाणे लॅंडलॉर्ड पॉलिसी होमओनर्सपेक्षा साधारण 25 टक्के महाग पडते. म्हणजे वर्षाला 1600 डॉलर भरत असाल तर 2000 धरा, महिन्याला 30-35 डॉलरचा फरक. आणि घर भाड्याने असलं की हा प्रीमियम टॅक्स रिटर्नमधल्या शेड्यूल ई या भाड्याच्या उत्पन्नाच्या फॉर्मवर खर्चात पूर्ण धरता येतो, स्वतः राहत असताना तो धरता येत नव्हता. त्यामुळे खरा फरक अजून कमी. एवढ्या पैशासाठी पाच-सहा लाख डॉलरचं घर उघड्यावर ठेवायचं हे माझ्या बुद्धीला तरी पटत नाही.

प्रत्यक्ष बदल कसा करायचा तर लीजवर सही व्हायच्या आधी एजंटला फोन करा, तुम्ही घर कधी सोडणार आणि भाडेकरू कधी येणार या दोन्ही तारखा सांगा. तुमचीच कंपनी लॅंडलॉर्ड पॉलिसी देत असेल तर सोपं, नसेल तर दुसरीकडे घ्या, पण जुनी पॉलिसी बंद व्हायची तारीख आणि नवीन सुरू व्हायची तारीख एकच ठेवा. मॉर्गेज कंपनीला नवीन डिक्लरेशन पेज लगेच पाठवा, त्यात त्यांचं नाव आणि लोन नंबर बरोबर आहे ना बघा, कारण त्यांच्या सिस्टीममध्ये जुनी पॉलिसी कॅन्सल दिसली आणि नवीन सापडली नाही तर ते स्वतःहून महागडी फोर्स-प्लेस्ड पॉलिसी तुमच्या गळ्यात मारतात, आणि ती त्यांच्या कर्जाचं रक्षण करते, तुमच्या लायबिलिटीचं नाही. मॉर्गेज घेताना सही केलेल्या कागदात बहुतेक वेळा किमान एक वर्ष स्वतः राहण्याची अट असते, ते वर्ष झालंय ना तेही बघून घ्या. घर एलएलसीच्या (आपणच काढलेल्या छोट्या कंपनीच्या) नावावर करायचा विचार असेल तर पॉलिसीवर एलएलसीचं नाव यायला हवं, मालक एक आणि पॉलिसी दुसऱ्याच्या नावावर असं झालं की परत तोच प्रश्न. भाडं न घेता नातेवाइकांना राहायला दिलं असलं तरीही कळवा, कारण प्रश्न भाड्याचा नसून तुम्ही तिथे राहता की नाही याचा आहे.

भारतात परत जाणाऱ्यांनी हे सगळं विमानात बसायच्या आधी करा. तिकडून एजंटशी बोलायचं म्हणजे रात्रीचे जागरण, आणि काही कंपन्या मालक परदेशात असेल तर स्थानिक प्रॉपर्टी मॅनेजरचं नाव मागतात. भाडेकरूला चावी देताना पाण्याचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे तो हाताने फिरवून दाखवा, वॉशिंग मशीनचे रबरी पाइप काढून स्टीलच्या जाळीचे लावून घ्या, तीस-चाळीस डॉलरचं काम आहे.

आणि ज्यांचे पुण्या-ठाण्यात फ्लॅट भाड्याने आहेत, आपल्यात तेही खूप आहेत, त्यांच्यासाठी एवढंच की तिकडे असा वेगळा लॅंडलॉर्ड फॉर्म शोधत बसू नका. 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांना भारत गृह रक्षा ही एकसारखी पॉलिसी द्यावी लागते, आणि त्यात घर राहण्यासारखं उरलं नाही तर बुडालेल्या भाड्याचं कव्हर आतच आहे. फक्त प्रपोजल फॉर्म भरताना फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर दिलेला आहे हे स्पष्ट लिहा. भाडेकरूचं सामान तिथेही तुमच्या पॉलिसीत येत नाही, तर अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर करायला जाल तेव्हा त्यालाही ते सांगून ठेवा, म्हणजे तो त्याची सोय करेल.